धारकोन (मार्गदर्शित धारसाधनावरील)

पात्याचा मध्यतल आणि धारेची उतरती कड यांमधील कोन. तो सहसा एका बाजूचा सांगतात. दोन्ही बाजूंची बेरीज म्हणजे एकूण कोन. लॅन्स्की या धारसाधनाच्या साच्यावरील १७, २०, २५ व ३० हे आकडे एका बाजूचे आहेत, तर स्पायडर्को शार्पमेकर या धारसाधनावरील ३० व ४० एकूण कोनाचे. आकडा घेण्यापूर्वी हा भेद पाहावाच लागतो.

मार्गदर्शित साधनात पाते क्लॅम्पमध्ये स्थिर राहते. दगड दांडीला बसवतात आणि ती दांडी ठरावीक उंचीवरील भोकातून किंवा सांध्यातून सरकते. या रचनेचा शोध लॅन्स्कीच्या नावावर लावण्याचा प्रघात आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेतील त्या साधनाने ती घरोघरी नेली हे खरे. पण वस्तरे व पटाश्या ठरावीक कोनात धरणारी साधने त्याआधीही होती. म्हणून लॅन्स्कीला प्रसाराचे श्रेय देणे अधिक रास्त दिसते. एज प्रो व विकेड एज ही साधने नंतरची.

कोन टोकाकडे बदलतो का, हा या विषयातील जुना वाद. टोकाकडे दांडी लांब होते, म्हणून कोन उतरतो, असे एक मत आहे. भूमितीचा कौल वेगळा आहे. दगडाचा पृष्ठभाग सांध्याचा बिंदू आणि धारेची स्पर्शरेषा यांतून जातो. त्यामुळे कोन दांडीच्या लांबीवर ठरत नाही. सांध्याच्या पायापासून (मध्यतलावरील त्याच्या थेट खालच्या बिंदूपासून) त्या स्पर्शरेषेपर्यंतच्या लंब अंतरावर ठरतो. सरळ धारेवर हे अंतर मुठीपासून टोकापर्यंत तेच राहते, म्हणून कोनही तोच राहतो. फरक पडतो तो पोटाच्या (टोकाकडील वक्र धारेच्या) वळणावर. समजा, सांध्याची उंची ५४.६ मिमी आणि धार १५० मिमीवर आहे, म्हणजे कोन २० अंश. टोकाजवळ धार ३० अंशांनी वळली असून १० मिमी मागे आली आहे. ही जागा क्लॅम्पपासून १०० मिमीवर असेल तर तिथे कोन सुमारे १७.७ अंश होतो, ६० मिमीवर असेल तर जवळजवळ २० राहतो आणि २० मिमीवर असेल तर २२.६ पर्यंत चढतो. टोकाची कड रुंद दिसू लागली तर क्लॅम्प टोकाकडे सरकवावा, अरुंद दिसली तर मुठीकडे. क्लॅम्पची ही जागा पेनाने खुणावून ठेवावी. पुढच्या वेळी तीच लागते.

पात्याची रुंदीही कोन बदलते. याच मांडणीत धार २० मिमी पुढे आली की २० अंशांचे भोक सुमारे १७.८ अंश देते. म्हणून साच्यावरचा आकडा नाममात्र समजावा. दगडांच्या जाडीत ३ मिमीचा फरक असेल तर कोन साधारण १ अंशाने सरकतो आणि बारीक दगड अधिक जाड असेल तर तो धारेला न लागता खांद्यावरच (कड पात्याला मिळते तिथेच) घासत राहतो. डिजिटल कोनमापक पात्याच्या उतरत्या बाजूवर ठेवून शून्य केला तर तो उतार मापात शिरतो. दोन्ही बाजूंच्या कडा असमान रुंद निघाल्या, तर पाते बहुधा क्लॅम्पमध्ये कलले आहे.

निवड पोलाद आणि काम पाहून करावी. रॉकवेल ५५ ते ५७ कठीणपणाच्या साध्या स्टेनलेस सुरीला १८ ते २० अंश, ६० किंवा त्याहून कठीण जपानी सुरीला १५ अंश साधारणपणे मानवतात. नरम पोलादाला १५ अंश दिले तर धार सुंदर येते, पण थोड्याच वापरात वळते. गोव्यातील घरात इसवणाच्या तुकड्या पाडताना सुरी मणक्याच्या हाडाला लागतेच. तिथे २० अंशांखाली जाऊ नये. नुसते मांस सोडवण्याच्या पातळ सुरीला १५ ते १७ चालतात, मात्र ती दगडाखाली लवते, म्हणून दाब अगदी हलका हवा. नारळाच्या कोयत्याला २५ ते ३० अंश लागतात आणि त्याचे जाड पाते बहुतेक क्लॅम्पमध्ये बसत नाही.

मूळ कोन ओळखण्यासाठी कडेवर पक्क्या शाईचे मार्कर फिरवून बारीक दगडाचा एकच हलका हात मारावा आणि भिंगाखाली पाहावे. शाई खांद्याकडची गेली तर साधनाचा कोन कमी आहे, अगदी धारेलगतची गेली तर जास्त. पूर्ण रुंदीत गेली तर जुळला. धारेमागे ०.५ मिमी जाड असलेल्या पात्यावर २० अंशांची कड ०.७३ मिमी रुंद असते, १५ अंशांची ०.९७ मिमी. २० वरून १५ अंशांवर येण्याचे हे घासकाम बारीक दगडाने करू पाहिले तर कंटाळून अर्धवट सुटते. सुरुवात २२० ते ४०० ग्रिटच्या (कणांच्या आकड्याच्या) भरड दगडाने करावी. दुसऱ्या बाजूला बर (धातूची वळलेली बारीक कड) मुठीपासून टोकापर्यंत सलग लागेपर्यंत दगड बदलू नये. बहुतेक फसलेल्या धारा इथेच फसतात. १५ अंशांची धार टिकत नसेल तर शेवटच्या दगडाने २० अंशांवर प्रत्येक बाजूला दोन-तीन हलके हात द्यावेत.

किनारपट्टीच्या खाऱ्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, कार्बन पोलादाची ताजी धार लवकर गंजते. ती पुसून, कोरडी करून तिला खाद्य दर्जाचे खनिज तेल लावतात. आदोळीचे (विळीचे) पाते लाकडात ठोकलेले व वक्र, रेंदेराची (माडी काढणाऱ्याची) काती विळ्याच्या घडणीची. दोन्हींना हे साधन लागू पडत नाही.