अमेरिकेतल्या बॅले कंपनीच्या शाळेत प्रवेश: पात्रता, ऑडिशन आणि कागदपत्रं

अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत स्वतःची बॅले कंपनी असते आणि तिला जोडून नृत्यशाळा असते. ही परंपरा जुनी आहे. अटलांटा बॅलेची सुरुवात १९२९ सालची. १९५६ मध्ये देशातला पहिला प्रादेशिक बॅले महोत्सवही तिथेच झाला. कंपनी आणि शाळा मिळून सहसा एकच ना-नफा संस्था असते, आयकर कायद्याच्या ५०१(सी)(३) कलमाखाली नोंदलेली. मात्र आत जायच्या वाटा तीन आहेत आणि अर्जातला बहुतेक गोंधळ त्या एकच समजल्यामुळे होतो.

पहिली वाट लहान मुलांच्या आणि हौशी वर्गांची. ३ ते ६ वर्षांच्या मुलांना वयावर प्रवेश मिळतो, ऑडिशन नसते. ऑनलाइन नोंदणी, जन्मतारखेचा पुरावा, आपत्कालीन संपर्क, आरोग्याची माहिती आणि जबाबदारीमुक्तीच्या पत्रावर सही, एवढ्यावर काम होतं. दुसरी वाट प्री-प्रोफेशनल विभागाची, म्हणजे व्यावसायिक नर्तक होण्याची तयारी करणाऱ्यांची. साधारण ७-८ वर्षांनंतर लेव्हल सुरू होतात आणि इथे प्लेसमेंट क्लास, म्हणजे लेव्हल ठरवणारा चाचणी वर्ग, द्यावा लागतो. तिसरी ट्रेनी, सेकंड कंपनी आणि अप्रेंटिस यांची, म्हणजे कंपनीच्या उंबरठ्यावरच्या उमेदवार नर्तकांची. तिथे ऑडिशन कंपनीचे कलादिग्दर्शक किंवा त्यांचे सहकारी घेतात.

लेव्हल वयावर ठरत नाही

प्लेसमेंट क्लासमध्ये शिक्षक पायाची ठेवण, गुडघे, पाठ, संगीताचा कान आणि सूचना ऐकून लगेच बदल करण्याची तयारी पाहतात. भरतनाट्यम शिकलेल्या मुलींच्या पालकांनी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. अरमंडीत (अर्ध्या बैठकीत) मांड्या बाहेर वळतात, पण गुडघे वाकलेले असतात. बॅलेत तेच वळण गुडघा पूर्ण ताठ ठेवून, नितंबाच्या सांध्यातून आणि बरेचदा एका पायावर लागतं. ताल, अभिनय, शिस्त यांचा फायदा होतोच, तरी सुरुवात वयाच्या मानाने खालच्या लेव्हलला होऊ शकते. ती मान्य करावी. घाईने वरची लेव्हल मागून घेतली की मूल पावलापासून पाय बाहेर फिरवायला लागतं आणि भार गुडघ्याच्या आतल्या बाजूवर येतो. ही सवय सोडवायला मूळ शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

पॉइंट शूजचं, म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहायच्या कडक बुटांचं, तसंच आहे. साधारण ११-१२ वर्षांच्या आसपास आणि काही वर्षांच्या नियमित तालमीनंतर शिक्षक घोट्याची हालचाल, पोटाची ताकद, एका पायावरचा तोल तपासून परवानगी देतात. ती मिळण्याआधी शूज विकत घेऊ नयेत. पहिली जोडी मोजमाप घेणाऱ्या दुकानातूनच घ्यावी आणि रिबन शिवण्याआधी शिक्षकांना दाखवावी. रिबन शिवलेली जोडी दुकान परत घेत नाही.

ऑडिशनच्या दिवशी

मुलींना साधा काळा लिओटार्ड (अंगाला घट्ट बसणारा एकसंध पोशाख), टाइट्स, बॅले स्लिपर्स. मुलांना पांढरा टी-शर्ट, काळ्या टाइट्स. स्कर्ट नको, सैल कपडे नकोत, कारण कंबर आणि गुडघे दिसले पाहिजेत. टाइट्सचा रंग नियमावलीत वाचून घ्या. गुलाबीचा आग्रह आता सगळीकडे नाही. डान्स थिएटर ऑफ हार्लेमने १९७०च्या दशकातच नर्तकांच्या त्वचेच्या रंगाच्या टाइट्स आणि शूज वापरायला सुरुवात केली आणि आज अनेक शाळा तो पर्याय देतात. केसांचा घट्ट बन, जाळी आणि पिना. हातातलं कडं, पायातला काळा दोरा, लोंबते कानातले घरीच काढून ठेवा. दोरा श्रद्धेचा असेल आणि काढायचा नसेल तर आधी ईमेलने विचारा. दारात चर्चा करायला वेळ नसतो. छातीवर क्रमांक लावतात, त्यासाठी ४ सेफ्टी पिना स्वतःजवळ असू द्या.

फोटो मागितले असतील तर बहुधा फर्स्ट अराबेस्क (एका पायावर उभं राहून दुसरा ताठ मागे उचललेला), बाजूला टेंड्यू (पाय ताठ ताणून बोटांचं टोक जमिनीवर) आणि चेहऱ्याचा एक. इथे हमखास चूक होते ती कॅमेऱ्याच्या उंचीची. उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून फोटो काढला की उचललेला पाय खाली आलेला दिसतो आणि उभा पाय आखूड. कॅमेरा मुलाच्या कमरेच्या उंचीवर, बरोबर बाजूने, मागे मोकळी भिंत. पाय किती वर गेला याला फार महत्त्व नाही. उभा गुडघा ताठ आहे का आणि कंबर उघडून पाय चोरून वर नेला आहे का, हे परीक्षक आधी बघतात.

व्हिडिओ ऑडिशनला फोन आडवा धरा, वर केलेल्या हाताच्या बोटांपासून पावलांपर्यंत सगळं चौकटीत हवं. आधी बार (दांडा धरून करायचा सराव), मग सेंटर (आधाराशिवाय खोलीच्या मध्यभागी). कोणते प्रकार हवेत आणि किती मिनिटांत, हे शाळा कळवते. एका कॉम्बिनेशनच्या, म्हणजे सलग नृत्यरचनेच्या, मध्ये काटछाट करू नका. व्हिडिओची यूट्यूब लिंक ‘प्रायव्हेट’ ठेवली तर समोरच्याला उघडतच नाही, आणि अर्ज अपूर्ण म्हणून बाजूला पडतो. ‘अनलिस्टेड’ ठेवा आणि लॉग-इन नसलेल्या दुसऱ्या फोनवर उघडून बघा.

समर इंटेन्सिव्हच्या, म्हणजे उन्हाळ्यातल्या सखोल प्रशिक्षण शिबिराच्या, ऑडिशन बहुतेक जानेवारी-फेब्रुवारीत होतात. निकालासोबत आलेली स्वीकृतीची मुदत कमी असते आणि जागा राखून ठेवायची रक्कम सहसा परत मिळत नाही, म्हणून दोन-तीन शाळांचे निकाल अपेक्षित असतील तर त्यांच्या तारखा एका कागदावर मांडून ठेवा.

शिष्यवृत्ती आणि पैशाचे कागद

गरजेवर आधारित मदतीचा अर्ज वेगळा असतो आणि त्याची मुदत बऱ्याचदा प्रवेशाच्या आधी संपते. मागचा फॉर्म १०४० (आयकर विवरणपत्र), सगळे डब्ल्यू-२ (मालकाने दिलेलं वार्षिक पगाराचं प्रमाणपत्र), अलीकडच्या पगाराच्या पावत्या तयार ठेवा. वर्षात नोकरी गेली असेल किंवा भारतात आई-वडिलांना पैसे पाठवत असाल, तर ते विवरणपत्रात दिसत नाही. एका पानाचं पत्र जोडा. मदत दरवर्षी नव्याने मागावी लागते.

फी म्हणजे देणगी नव्हे. संस्था ना-नफा असली तरी शिकवणीच्या फीवर देणगीची करवजावट मिळत नाही. वेगळी देणगी दिलीत आणि ती २५० डॉलर किंवा जास्त असेल, तर वजावटीसाठी संस्थेची लेखी पोच हवी. बँकेची नोंद पुरत नाही. मात्र एक सवलत अनेकांच्या लक्षात येत नाही. आई-वडील दोघंही नोकरी करत असतील आणि मूल १३ वर्षांखालचं असेल, तर उन्हाळ्यातल्या दिवसाच्या शिबिराचा खर्च बालसंगोपनाच्या कर-सवलतीत धरता येतो. मुक्कामी शिबिराचा धरता येत नाही. या सवलतीसाठी शाळेचं पूर्ण नाव-पत्ता पावतीवर घ्या.

वार्षिक फी हप्त्यांत भरली तरी करार बहुतेक पूर्ण वर्षाचा असतो. मध्येच सोडताना शिक्षकांना तोंडी सांगून हप्ते थांबत नाहीत. ठरलेल्या तारखेआधी कार्यालयाला लेखी कळवावं लागतं.

व्हिसा

एच-४ वर (एच-१बी नोकरदाराच्या कुटुंबीयांचा व्हिसा) असलेलं मूल शाळेत पूर्णवेळ शिकू शकतं, नटक्रॅकरमध्ये (नाताळच्या सुमारास होणारं बॅले) विद्यार्थी म्हणून नाचू शकतं. अडचण येते ती मोबदला सुरू झाला की. अप्रेंटिसचा करार पगारी असेल तर पहिल्या दिवसापासून काम करण्याचा अधिकार हवा आणि तो दाखवणारी कागदपत्रं लागतात, आणि एच-४ वरच्या मुलांना कामाचा परवाना नसतो. शिवाय २१व्या वर्षी एच-४ संपतो. बॅले नर्तकांना पहिला करार बरेचदा याच सुमारास मिळतो, म्हणून १६-१७व्या वर्षीच इमिग्रेशन वकिलाशी बोलून घ्यावं, करार हातात आल्यावर नव्हे.

भारतातून येणार असाल तर पहिल्या ईमेलमध्ये एकच प्रश्न विचारा: तुम्ही आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी लागणारं शाळेचं प्रवेशपत्र) देता का? ते देण्यासाठी शाळेला सरकारी प्रमाणपत्र लागतं आणि अनेक प्रादेशिक शाळांकडे ते नसतं. आय-२० आला की आय-९०१ची (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) ३५० डॉलर फी, मग डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, मग मुलाखत. पर्यटक व्हिसावर थोड्या दिवसांचा हौसेचा वर्ग चालतो. आठवड्याला १८ तासांहून जास्त शिक्षण असेल तर विद्यार्थी व्हिसा हवा, आणि समर इंटेन्सिव्ह ही मर्यादा सहज ओलांडतात. पासपोर्ट, आय-२० आणि शाळेच्या अर्जावरचं नाव अक्षर न् अक्षर सारखं ठेवा. वडिलांचं नाव मधे घालायचं की नाही हा घोळ मराठी नावांत नेहमी होतो.

प्रवेशानंतरचे दोन फॉर्म

नटक्रॅकरची निवड शरद ऋतूच्या सुरुवातीला होते आणि मुलांच्या भूमिका पुष्कळदा उंचीवर ठरतात, कारण पोशाख आधीच शिवलेले असतात. त्या वेळी ‘न येण्याच्या तारखां’चा फॉर्म देतात. दिवाळी आणि तुमच्या मंडळाचा कार्यक्रम तेव्हाच लिहा. नंतर सांगितलेली गैरहजेरी भूमिका घालवू शकते.

दुसरा फॉर्म सुरक्षिततेचा. खेळाडूंवरच्या अत्याचाराच्या तक्रारी पाहणारं अमेरिकेचं सेफस्पोर्ट केंद्र ऑलिम्पिक खेळांसाठी आहे, बॅले त्याच्या कक्षेत येत नाही. म्हणून शिक्षकांची पार्श्वभूमी तपासली जाते का, बंद खोलीत एकटं शिकवण्याबद्दल नियम काय आणि तक्रार कोणाकडे करायची, हे शाळेकडून लेखी मागा आणि त्यानंतरच सही करा.