बॅटरी उतरते तेव्हा काय संपते?

20 मार्च 1800 रोजी अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी इटलीतल्या कोमोहून लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना एक लांबलचक पत्र लिहिले. चांदीची चकती, तिच्यावर जस्ताची, मग मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, पुन्हा चांदी, पुन्हा जस्त अशी चळत रचायची. तिच्या दोन्ही टोकांना ओले हात लावले की झटका बसतो, असे त्यात वर्णन होते. झटक्यात नवे काही नव्हते. वीज साठवणारी लेडन बरणी तो 1740 च्या दशकापासून देत होती. पण बरणी एका ठिणगीत रिकामी होई आणि पुन्हा घर्षणयंत्रावर भरावी लागे. ही चळत मात्र हात काढून परत लावला की परत झटका देई, आणि देतच राही. ऊर्जा नष्ट होत नाही तर बॅटरी उतरते कशी, असे आज आपण विचारतो. तेव्हा प्रश्न नेमका उलटा होता: ही उतरत का नाही?

व्होल्टांचे उत्तर असे की, दोन वेगळे धातू नुसते एकमेकांना टेकले तरी विद्युतद्रव पुढे ढकलला जातो. टेकणे संपत नाही, म्हणून ढकलणेही संपत नाही. हा अखंड फेरा म्हणजे एक शाश्वत गतीच आहे, ती विपरीत वाटली तरी खरी आहे, असे त्यांनी त्या पत्रातच म्हटले होते. चळत हळूहळू मंदावे, जस्त गंजे, पुठ्ठे वाळत. त्यांच्या लेखी हे उपकरणातले किरकोळ दोष होते. या मताला पुढे संपर्कवाद म्हणू लागले. ते आज हसण्यावारी नेणे अन्यायाचे होईल. ऊर्जा ही संकल्पनाच तेव्हा जन्माला यायची होती. काहीतरी खर्ची पडलेच पाहिजे, असे ठामपणे म्हणायला लागणारे शब्द कोणाकडेच नव्हते.

गंज हा दोष नसून तेच मूळ कारण आहे, असे ज्यांना वाटले ते रसायनवादी. 1800 मध्येच विल्यम निकल्सन आणि अँथनी कार्लाइल यांनी चळतीच्या तारा पाण्यात बुडवल्या, तेव्हा पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघू लागले. चकत्यांमधले द्रावण जस्ताला गंजवू शकत असेल तरच चळत चालते, हे हम्फ्री डेव्ही यांच्या ध्यानात आले. मायकेल फॅरडे यांनी 1834 पर्यंत हिशेबच मांडला: जितकी वीज वाहते, तितक्याच प्रमाणात धातू विरघळतो किंवा साचतो. 1829 मध्ये पीटर मार्क रॉजे यांनी आणि 1840 मध्ये फॅरडे यांनी संपर्कवादावर जो आक्षेप घेतला, तो मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत देखणा युक्तिवाद वाटतो. नुसत्या स्पर्शातून अखंड प्रवाह मिळत असेल, तर काहीही खर्च न होता शक्ती निर्माण होते असे मानावे लागेल, आणि निसर्गात असे दुसरे एकही उदाहरण नाही. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा, म्हणजे ती नष्ट होत नाही हा, नियम रीतसर मांडला जाण्यापूर्वीचे हे म्हणणे आहे. बॅटरी उतरलीच पाहिजे, ही जाणीव त्या नियमाच्या आड येणारी नव्हती. उलट, तो नियम ज्या मुळांतून वाढला त्यांतले ते एक मूळ होते.

खर्ची पडते ते काय, हे डॅनियल घटात डोळ्यांना दिसते. लंडनच्या किंग्ज कॉलेजातले जॉन फ्रेडरिक डॅनियल यांनी तो 1836 मध्ये बनवला. एकीकडे जस्ताची कांडी, दुसरीकडे मोरचुदाच्या द्रावणात तांबे. जस्ताचा अणू दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून द्रावणात उतरतो. ते इलेक्ट्रॉन तारेतून फिरून पलीकडे पोचतात आणि तिथला तांब्याचा आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, ते घेऊन धातू बनतो. जस्त झिजत जाते, तांबे जाड होते, निळे द्रावण फिके पडते. इलेक्ट्रॉन मात्र संपत नाहीत. जितके एका टोकातून निघतात तितकेच दुसऱ्या टोकात शिरतात. बॅटरीत वीज भरलेली असते, ही आपली बोलायची सवय इथे फसवते. घटात असते ती दोन धातूंच्या इलेक्ट्रॉन धरून ठेवण्याच्या ओढीतली तफावत. साधारण 65 ग्रॅम जस्त पूर्ण विरघळले तर 1.1 व्होल्टच्या आसपास सुमारे 53 अँपिअर-तास मिळतात. त्यापुढे त्या जस्ताकडे देण्यासारखे काही उरत नाही.

1840 च्या दशकात अक्षय्यतेचा नियम आकाराला आला. जेम्स ज्यूल यांनी प्रवाहामुळे तारेत किती उष्णता निर्माण होते ते मोजले, युलिउस रॉबर्ट मायर यांनी 1842 मध्ये उष्णता आणि कार्य यांचे नाते मांडले, आणि हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी 1847 च्या प्रबंधात विद्युतघटालाही त्याच हिशेबात बसवले. हिशेब चोख होता. घटातल्या पदार्थांची रासायनिक ऊर्जा जितकी कमी होते तितकीच प्रकाश, हालचाल, उष्णता अशा रूपांत बाहेर येते, आणि शेवटी जवळजवळ सगळी खोलीतल्या हवेच्या आणि भिंतींच्या उबेत मिसळते. एक ज्यूलही हरवत नाही. आजचा प्रश्न खरा इथे उभा राहतो. ऊर्जा खोलीतच आहे, तर ती परत घटात का शिरत नाही?

उत्तराची पहिली खूण बॅटरीशी संबंध नसलेल्या ठिकाणी सापडली होती. सादी कार्नो या तरुण फ्रेंच अभियंत्याने 1824 मध्ये वाफेच्या इंजिनाची तुलना धबधब्याशी केली. पाणचक्की फिरते ती पाणी उंचावरून खाली येते म्हणून. तसे उष्णतेलाही गरमाकडून थंडाकडे उतरावे लागते. खाली आलेले पाणी तितकेच असते, पण त्याच्यावर पुन्हा तीच चक्की फिरत नाही. 1852 मध्ये विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी लिहिले की निसर्गात यांत्रिक ऊर्जा सतत विखुरत जाते. ती नष्ट होत नाही, पण माणसाच्या कामाची राहत नाही. रुडोल्फ क्लाउझिउस यांनी 1865 मध्ये या विखुरण्याच्या मापाला एन्ट्रॉपी हे नाव दिले.

मग ही गुंतागुंत थेट घटाच्या हिशेबात शिरली, आणि पाठ्यपुस्तके बहुधा हाच भाग गाळतात. सुरुवातीला असे गृहीत धरले होते की, एखादी क्रिया भांड्यात नुसती घडू दिली तर जितकी उष्णता सुटते, तितकीच विद्युत ऊर्जा घटातून मिळावी. डॅनियल घटाने या समजुतीला जवळजवळ दुजोरा दिला. आजच्या आकड्यांत सांगायचे तर एक मोल, म्हणजे त्याच सुमारे 65 ग्रॅम, जस्तामागे उष्णता सुमारे 218 किलोज्यूल, आणि वीज जास्तीत जास्त 212. दोन्ही आकडे इतके जवळ की चूक झाकली गेली. इतर घट मोजायला घेतले तेव्हा मेळ बसेना. काहींतून अपेक्षेपेक्षा बरीच कमी वीज मिळे. शिसे-आम्ल घट तर अगदी सावकाश उतरवला तर सभोवतालची थोडी उष्णता शोषून घेतो आणि क्रियेच्या उष्णतेहून जास्त विद्युत ऊर्जा देतो! नियम मोडत नाही, कारण जास्तीची ऊर्जा हवेतून आली. पण नुसत्या एकूण ऊर्जेकडे पाहून घट किती काम देईल ते कळत नाही, हे यातून स्पष्ट झाले.

येल विद्यापीठातले जोसाया विलर्ड गिब्ज यांनी 1876 ते 1878 दरम्यान, आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे हेल्महोल्ट्झ यांनी 1882 मध्ये, ही गाठ सोडवली. एकूण ऊर्जेतला जो भाग कामात बदलता येतो तो वेगळा काढला पाहिजे. हेल्महोल्ट्झ यांनी त्याला मुक्त ऊर्जा म्हटले. बॅटरी उतरते तेव्हा संपते ती ही मुक्त ऊर्जा, आणि तिच्यासाठी अक्षय्यतेचा कोणताही नियम नाही. आपोआप घडणाऱ्या प्रत्येक बदलात ती घटतच जाते. त्याआधी 35 वर्षे ऊर्जेच्या अक्षय्यतेचा हिशेब मांडणाऱ्याच माणसाने पुढे हा दुसरा हिशेब मांडला, याचे मला फार अप्रूप वाटते.

वाल्टर नेर्न्स्ट यांनी 1889 मध्ये पुढची पायरी गाठली: द्रावणांच्या संहतीवरून, म्हणजे तीव्रतेवरून, व्होल्टेज काढण्याचे सूत्र. डॅनियल घटात जस्त आयन आणि तांबे आयन यांचे गुणोत्तर दहापट वाढले की व्होल्टेज जेमतेम 0.03 ने घसरते. 1.1 व्होल्टचे शून्य व्हायला ते गुणोत्तर 10 च्या 37 व्या घाताइतके व्हावे लागते. म्हणून घट बराच काळ टिकून आहे असे वाटते आणि अखेरीस एकदम कोसळतो. शून्यावर पोचला की दोन्ही बाजूंची ओढ सारखी झालेली असते. ऊर्जा अजूनही आहे, ढकलणारे कोणी नाही.

प्रत्यक्षातले सेल या टोकापर्यंत क्वचितच जातात. अंतर्गत रोध वाढतो, अग्रांजवळचे (इलेक्ट्रोडजवळचे) पदार्थ लवकर वापरले जातात आणि लांबचे वेळेवर पोचत नाहीत. म्हणून मेलेला वाटणारा सेल थोडा वेळ बाजूला ठेवला की पुन्हा जरासा चालतो. नुसता पडून राहिला तरी आतल्या आडक्रियांनी तो उतरत जातो. गास्तों प्लांते यांनी 1859 मध्ये शिसे-आम्ल घट बनवून क्रिया उलट फिरवता येते हे दाखवले. मात्र चार्ज करताना द्यावी लागते तितकी ऊर्जा परत कधीच मिळत नाही, फरक उष्णतेत जातो. 1991 मध्ये बाजारात आलेल्या लिथियम-आयन बॅटरीतही दर फेरीला थोडे लिथियम अग्रावरच्या पापुद्र्यात कायमचे अडकते.

ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रयोगशाळेत एक विद्युतघंटा आहे, ती 1840 पासूनची. दोन उंच कोरड्या चळती, त्यांच्या खाली दोन घंटा, आणि त्यांच्यामध्ये हेलकावणारा सुमारे 4 मिलिमीटरचा धातूचा गोळा. अशा चळतींत द्रावण दिसत नाही, म्हणून संपर्कवाद्यांना त्या आपला हुकमी पुरावा वाटत. पण त्यांतल्या कागदात असतो तेवढा ओलावा क्रियेला पुरतो. कागद पुरता वाळवला की अशी चळत थांबते. गोळ्याला दर फेरीला लागणारा विद्युतभार इतका नगण्य आहे की घंटा दीड शतकाहून अधिक काळ, मधले थोडे खंड सोडले तर, वाजत राहिली. आत नेमके काय आहे ते पाहायला चळती उघडाव्या लागतील, आणि उघडल्या तर प्रयोग संपेल, म्हणून त्या तशाच ठेवल्या आहेत. आतला धातू मात्र कणाकणाने गंजतोच आहे.