सांवेरच्या शेतातलं टर्फ आणि फुगणारी माती

मामाचं शेत सांवेरच्या बाजूला आहे, इंदूरहून गाडीने गेलं तर तासाभराच्या आत. गेल्या उन्हाळ्यात त्याने घरामागे नातवंडांसाठी २० बाय १० मीटरचं टर्फ, म्हणजे प्लास्टिकच्या गवताचं मैदान, टाकून घेतलं, आपलं ते बॉक्स क्रिकेटवालं, चारी बाजूंनी जाळी आणि वर लाइट. ठेकेदाराने जमीन थोडी खरवडली, तीन इंच काँक्रीट ओतलं, वर हिरवे रोल पसरले आणि म्हणाला, "भिया, दस साल टेंशन मत लो." जुलैत पिचच्या मधोमध असा उंचवटा आला की साधा लेंथ बॉल बॅट्समनच्या डोक्यावरून जायला लागला. सगळे टर्फच्या क्वालिटीला शिव्या देत होते, आणि टर्फ बिचारं निर्दोष होतं.

भानगड खाली होती, काळ्या मातीत. "डग डग रोटी, पग पग नीर" असं माळव्याचं कौतुक आपण लहानपणापासून ऐकतो, पण त्यातलं ते नीर ही माती धरते कशी हे कोणी सांगत नाही. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला, त्याचा बेसॉल्ट झाला, आणि तो झिजून झिजून ही माती झाली. हिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं (फ्रान्समधल्या माँटमोरिलाँ गावावरून नाव पडलं). पत्त्यांच्या कॅटसारखे एकावर एक अतिशय पातळ थर, थरांवर ऋण विद्युतभार, आणि पाणी मिळालं की त्याचे रेणू थरांच्या मध्ये शिरून थर लांब ढकलतात, म्हणून माती फुगते. एप्रिल-मेमध्ये पाणी निघून जातं आणि शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

हे घरी बघता येतं. इंजिनियर लोक ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली १० ग्रॅम सुकी माती एका नळीत पाण्यात आणि तेवढीच दुसरीत केरोसीनमध्ये टाकतात आणि २४ तासांनी दोन्हींतली माती किती जागा व्यापते त्यातला फरक मोजतात, तो केरोसीनमधल्या मातीच्या ५० टक्क्यांच्या वर गेला की सावध होतात. मी चहाची गाळणी आणि दोन काचेचे ग्लास घेतले, केरोसीन आजीच्या जुन्या स्टोव्हच्या टाकीत तळाला उरलेलं, कारण आता ते मिळतं कुठे. सकाळी केरोसीनमधली माती तळाशी निमूट बसलेली, आणि पाण्यातली तिच्या दीडपटीच्या पुढे, वर मऊ, शिऱ्यासारखी. केरोसीनच्या रेणूंना विद्युतभाराची दोन टोकं नसतात, त्यामुळे त्या थरांना त्यांचं आकर्षणच नाही.

आता बघा काय झालं. टर्फच्या पाठीला भोकं असतात, पावसाचं पाणी त्यातून खाली जावं म्हणून. खाली काँक्रीट सपाट, उतार नाही, पाणी साठलं, मधल्या बारीक तड्यातून मातीत उतरलं आणि वर झाकण असल्यामुळे ती ओल उडून जाईना. माती फुगली, तडा मोठा झाला, आणखी पाणी आत. तीन इंचांचं बिनसळईचं काँक्रीट तिच्यापुढे पापडच.

दिवाळीनंतर सगळं उखडलं. दोन फूट काळी माती काढून शेतात टाकली (तिथे ती सोनंच आहे), तळाला जिओटेक्सटाइलचं कापड (पाणी जाऊ देतं, माती अडवतं), त्यावर मुरूम थराथराने, पाणी मारून रोलर फिरवून, मग गिट्टी, सगळ्यात वर चुरी. मामा दुरून ओरडला, "अरे, सतरंजी घालायला विहीर खणतोयस का!" पण मुरूम घालणं ही माझी अक्कल नाही. आयआयटी मुंबईच्या आर. के. कट्टींनी दाखवून दिलं होतं की फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा नीट दाबलेला थर दिला की तिचं फुगणं आवरतं, आणि काळ्या मातीतले कालवे त्या पद्धतीने बांधलेत. उतार एक टक्का ठेवला, म्हणजे १० मीटर रुंदीत १० सेंटीमीटर, खेळताना कळतही नाही. तासाभरात ५० मिलीमीटर पाऊस पडला तर एवढ्या जागेवर १०,००० लिटर पाणी येतं, टँकरच म्हणा ना, ते कडेच्या नालीतून विहिरीकडे सोडलं.

टर्फचं स्वतःचं काम त्यामानाने सोपं. पात्या पॉलिइथिलिनच्या, उन्हाने कडक होऊन तुटू नयेत म्हणून त्यात यूव्ही स्टॅबिलायझर घातलेलं असतं, आणि पात्या उभ्या राहाव्यात म्हणून मधे वाळू भरतात. जुन्या टायरचे रबरी दाणे भरायचा सल्लाही मिळाला होता, पाय सुखावतो म्हणे. मी नाही म्हटलं, कारण पहिल्याच पावसात ते दाणे वाहून गव्हाच्या शेतात जाणार. युरोपियन युनियनने २०२३ मध्ये मायक्रोप्लास्टिकचा, म्हणजे असल्या बारीक कणांचा, नियम आणलाय, त्यात या दाण्यांची विक्री आठ वर्षांत बंद करायची आहे.

पण एका गोष्टीवर इलाज नाही, ऊन. खरं गवत माठासारखं असतं, पानांतून पाणी उडतं आणि ते गार राहतं. प्लास्टिककडे उडवायला पाणीच नाही, मे महिन्यात दुपारी ते ६० अंशांच्या पुढे सहज जातं, अनवाणी मुलं टुणटुण उड्या मारत पळतात. पाणी मारलं की थोडा वेळ बरं, मग पुन्हा तेच. म्हणून मॅच सकाळी आठच्या आत नाहीतर सहानंतर. मामा रोज साडेपाचला पाइप घेऊन टर्फवर पाणी मारत उभा असतो, आणि परवा रस्त्यावरून जाणाऱ्या एकाने बाइक थांबवून विचारलं, "काकासाब, ये बढ़ती भी है क्या?"