भूऔष्णिक ऊर्जेची नवीकरणक्षमता (ठाणे जिल्ह्यातील उष्ण झऱ्यांच्या संदर्भात)

भूऔष्णिक ऊर्जा म्हणजे पृथ्वीच्या पोटातील उष्णतेपासून मिळणारी ऊर्जा. तिची गणना नवीकरणीय ऊर्जेत होते. उष्णतेपुरते ते रास्त आहे, साठ्याच्या बाबतीत मात्र उपसा किती यावर सगळे अवलंबून असते.

खडकांतील युरेनियम, थोरियम व पोटॅशियम यांच्या किरणोत्सारी ऱ्हासातून उष्णता सतत निर्माण होते. युरेनियम-238 चा अर्धायुष्यकाळच (निम्मे अणू ऱ्हास पावायला लागणारा काळ) सुमारे 450 कोटी वर्षे आहे. पण ती वर झिरपते फार सावकाश. खंडांवर सरासरी एका चौरस किलोमीटरमधून जेमतेम 65 किलोवॅट. वीजकेंद्र याहून कितीतरी वेगाने उष्णता काढते, म्हणजे तेवढ्या जागेपुरती ते साठलेली उष्णताच खर्च करते.

भिवंडी तालुक्यात तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी येथे गरम पाण्याची कुंडे आहेत. गणेशपुरीत भीमेश्वर मंदिरालगतच्या बांधीव कुंडांत सांधेदुखी, त्वचाविकार बरे व्हावेत म्हणून लोक पहाटेपासून उतरतात. हे पाणी ज्वालामुखीने तापलेले नाही. दख्खनचा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, तो कधीच थंड झाला. पावसाचे पाणी भेगांतून खोल मुरते, तिथल्या खडकाने तापते आणि दुसऱ्या भेगेतून वर येते. पालघरमधील सातिवलीपासून राजापूरजवळच्या उन्हाळे गावापर्यंत कोकणपट्टीत असे झरे ओळीने आढळतात. म्हणजे इथले पाणी पावसाळाच भरून देतो, पण खोलवर जाऊन परतायला त्याला दीर्घ काळ लागतो.

अतिउपशाचे ठळक उदाहरण म्हणजे कॅलिफोर्नियातील 'द गीझर्स' क्षेत्र. 1960 पासून तिथे वीजनिर्मिती होते. 1980 च्या दशकात केंद्रे भराभर वाढली आणि वाफेचा दाब घसरला. खालचा खडक तापलेलाच होता, संपत आले होते ते पाणी. 1997 पासून प्रक्रिया केलेले सांडपाणी नळाने आणून जमिनीत सोडल्यावर घसरण मंदावली. न्यूझीलंडच्या वैराकेई येथे 1958 पासून केंद्र चालू आहे. तिथे जमीन खचली आणि जवळच्या खोऱ्यातील उष्ण फवारे बंद पडले.

अकलोली परिसरातील पृष्ठभागावरचे पाणी वाफेवर चालणाऱ्या जनित्रासाठी पुरेसे गरम नाही. कमी तापमानाला उकळणारा द्रव वापरणारी यंत्रणा किंवा मासे-धान्य वाळवणे हे उपयोग जास्त व्यवहार्य ठरतात. असे काहीही उभारताना वापरलेले पाणी दुसऱ्या विंधन विहिरीतून परत खाली सोडणे अत्यावश्यक आहे. तसेच खोदकामाआधीच कुंडांची पातळी व तापमान वर्षभर, विशेषतः वैशाखात, मोजून ठेवायला हवे.