विमान ‘बेपत्ता’ होते म्हणजे नेमके काय होते?

नांदेडहून सुटणारी सचखंड परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर करत उत्तरेकडे निघते, तेव्हा सुट्टी संपवून परतणारे जवान तिच्यात हमखास असतात. सीटखाली काळी ट्रंक, पिशवीत घरच्या शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. लेहची पोस्टिंग असेल तर अंबाल्याला उतरून चंदीगड गाठायचे, ट्रान्झिट कॅम्पात नाव लावायचे आणि ‘कुरिअर’ची वाट बघायची. कुरिअर म्हणजे हवाई दलाचे वाहतूक विमान. हवामान बिघडले की नंबर लांबतो. लढाऊ विमान पडले तर वैमानिक जातो. कुरिअर पडले तर स्वयंपाकी, कारकून, इंजिनिअर तुकडीतला शिपाई असे सगळेच जातात. म्हणून कुरिअर पडल्याची बातमी आपल्या गावांत जास्त खोल शिरते.

७ फेब्रुवारी १९६८ ला चंदीगडहून लेहला निघालेल्या एएन-१२ या वाहतूक विमानात असेच १०२ जण होते. पुढे हवामान खराब होते म्हणून वैमानिकाने विमान माघारी वळवले. रोहतांगच्या आसपास संपर्क तुटला आणि विमान ‘बेपत्ता’ झाले. अवशेष सापडले २००३ मध्ये, तेही लाहौल-स्पितीच्या हिमनदीवर गिर्यारोहकांना. त्यानंतर हिमनदी देईल तसे मृतदेह मिळत गेले. मोहिमा निघाल्या, काही रिकाम्या हातांनी परतल्या.

२५ मार्च १९८६ ला सोव्हिएत संघातून नवेकोरे आणले जाणारे एएन-३२ मस्कतहून जामनगरकडे येताना अरबी समुद्रावर नाहीसे झाले. त्याचा मागमूस लागला नाही. २००९ मध्ये अरुणाचलात मेचुकाजवळ एएन-३२ कोसळून १३ जण गेले, २०१४ मध्ये ग्वाल्हेरजवळ सी-१३० हे वाहतूक विमान कोसळून पाच.

पण ‘बेपत्ता’ या शब्दाचा खरा गुंता २०१६ चा. २२ जुलैच्या सकाळी तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेले एएन-३२ बंगालच्या उपसागरावर रडारवरून गेले. आत २९ जण. पाण्याखालून संदेश देणारे यंत्र विमानावर नव्हते, त्यामुळे जहाजे, पाणबुडी, विमाने लावूनही काही मिळाले नाही. १५ सप्टेंबरला शोध थांबवून सगळ्यांना मृत मानल्याचे घरच्यांना कळवण्यात आले. हिशेब केला तर ५५ दिवस.

कायदा मात्र सात वर्षे म्हणतो. १८७२ च्या पुरावा कायद्यातले १०८ वे कलम असे होते की, ज्यांना एरवी माणसाची खबर लागली असती त्यांना सात वर्षे ती लागली नाही, तर तो जिवंत आहे हे म्हणणाऱ्याने सिद्ध करायचे. २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात कलमाचा आकडा बदलला, सात वर्षे तशीच राहिली. आणि धर्मशास्त्र विचाराल तर बारा. बारा वर्षे वाट पाहून पळसाचा पुतळा करायचा आणि त्यावर संस्कार करायचे. तिथी माहीत नसलेल्याचे श्राद्ध सर्वपित्रीला घालतात, पण तेही आधी कुणीतरी तो गेला असे म्हणाल्यावर.

५५ दिवस ही घाई होती असे तेव्हा काहींना वाटले. ढिगारा नाही, देह नाही, मग मेला कशावरून? आईच्या बाजूने हा प्रश्न रास्तच आहे. पण गावाकडचा व्यवहार पाहिलेला माणूस दुसरी बाजूही बघेल. बेपत्ता माणसाचे नाव सातबाऱ्यावर जसेच्या तसे राहते. वारस फेरफारासाठी तलाठी मृत्यूचा दाखला मागतो (आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे, पण म्हणतो कोण?). दाखला नसेल तर सात वर्षांनी दिवाणी कोर्टात दावा. साध्या सरकारी नोकराच्या बाबतीत पोलिसांत तक्रार दिल्यावर सहा महिन्यांनी कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होऊ शकते, पण माणूस परत आलाच तर पैसे परत करण्याचा बंधपत्रावरचा शब्द बायकोने द्यायचा. तोवर ती ना सधवा ना विधवा, आणि जमिनीच्या वाटणीत दिराच्या मर्जीवर. म्हणून मला तरी ५५ दिवसांचा निर्णय दयेचा वाटतो, तो देताना दाखवलेला पुरावा कितीही तोकडा असो. त्या विमानाचे अवशेष जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले: चेन्नईच्या किनाऱ्यापासून सुमारे १४० सागरी मैलांवर, ३,४०० मीटर खोल, मानवरहित यंत्राने टिपलेल्या छायाचित्रांत.

वाहतूक विमान म्हणजे लढाईपासून लांबचे, असे समजायचे कारण नाही. ऑक्टोबर १९४७ मध्ये श्रीनगर वाचले ते जवान घेऊन उतरलेल्या डाकोटा विमानांवर. १९४८ मध्ये निजामासाठी कराचीहून शस्त्रे भरून लँकास्ट्रियन विमाने रात्री उतरत, त्यांतली काही बिदरला, म्हणजे उदगीरच्या उंबऱ्यावर. पुढे शेजारच्या श्रीलंकेत एप्रिल १९९५ मध्ये लागोपाठ दोन दिवसांत दोन ॲव्रो वाहतूक विमाने क्षेपणास्त्रांनी पाडली गेली. युक्रेनमध्ये १४ जून २०१४ ला लुहान्स्कवर आयएल-७६ हे वाहतूक विमान पाडले, ४९ ठार.

आपल्याकडचे सर्वांत अवघड प्रकरण २७ फेब्रुवारी २०१९ चे. पाकिस्तानशी हवाई चकमक सुरू असताना काश्मीरमधल्या बडगामला माल-माणसे वाहणारे एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळले. हवाई दलाचे सहा आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. क्षेपणास्त्र आपलेच होते, आणि ती मोठी चूक असल्याचे त्याच वर्षी हवाई दलप्रमुखांनी जाहीर कबूल केले. आता याला अपघात म्हणायचे की युद्धातली हानी? हा शब्दांचा कीस नाही. सेवेतल्या अपघाताला ‘विशेष’ कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, ते शेवटच्या वेतनाच्या ६० टक्के. शत्रूच्या कारवाईतल्या मृत्यूला ‘उदारीकृत’, ते १०० टक्के. गावच्या कमानीवर दोघांनाही ‘शहीद’च लिहितात. सरकारने मात्र संसदेत सांगितले आहे की या शब्दाची अधिकृत व्याख्या नाही. आमच्या मराठवाड्यात ‘हुतात्मा’ म्हटले की डोळ्यांपुढे १७ सप्टेंबरचा मुक्तिदिन आणि रझाकारांशी लढलेली माणसे येतात, त्यामुळे तो शब्दही जवानासाठी चटकन तोंडात येत नाही.

३ जून २०१९ ला जोरहाटहून मेचुकाला निघालेल्या एएन-३२ च्या शोधात माहितीला पाच लाखांचे बक्षीस लावावे लागले. आठ दिवसांनी ते लिपो गावाजवळच्या डोंगरात दिसले, १३ जण गेले होते. एएन-३२ च्या ताफ्यातल्या १०५ विमानांच्या आधुनिकीकरणाचा करार ही विमाने जिथे बनली त्या युक्रेनशी २००९ मध्येच झाला होता. २०१४ मध्ये युक्रेनचा क्रिमिया रशियाकडे गेला आणि सुटे भाग अडकले. पडलेले विमान आधुनिकीकरण न झालेल्यांपैकी होते.

१९६८ च्या विमानातले आणखी चार देह सप्टेंबर २०२४ मध्ये मिळाले, ५६ वर्षांनी. त्यांतल्या काहींची ओळख अंगावर सापडलेल्या कागदांवरून पटली.