संगणकाचा आवाज का फुटतो?

आषाढ सरला की कोकणात गणपतीचे वेध लागतात. माळ्यावरचे स्पीकर खाली उतरतात, धूळ झटकली जाते, घरच्या संगणकाला जोडून आरत्या लावून पाहिल्या जातात आणि अर्ध्या मिनिटात फट्-फट्, खर्र सुरू होतं. ‘स्पीकर फाटला’ असा निकाल लगेच लागतो. हा निकाल बऱ्याचदा चुकीचा असतो. फाटलेल्या स्पीकरची खूण वेगळी आहे. तो ठरावीक सुरांवर, बहुतेक वेळा पखवाजाच्या जाड थापेवर, दर खेपेला त्याच जागी फडफडतो आणि आवाज लहान केला की गप्प बसतो. जी खरखर आवाज लहान केला तरी तशीच राहते, गाण्याशी काही संबंध नसताना मधेच येते, ब्राउझर उघडला की वाढते, तिचं मूळ स्पीकरच्या कागदी पडद्यात सापडणार नाही. ते संगणकाच्या आतल्या वेळापत्रकात आहे.

संगणकात गाणं आकड्यांच्या रूपात असतं. सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० आकडे, प्रत्येक साधारण उणे ३२,७६८ ते अधिक ३२,७६७ यांच्या मधला. ४४,१०० हा विचित्र आकडा आला व्हिडिओ टेपवरून. डिजिटल ध्वनी साठवायला सुरुवातीला व्हिडिओ रेकॉर्डरच वापरत. चित्राच्या एका ओळीत ध्वनीचे ३ नमुने, म्हणजे हेच आकडे, बसत. सेकंदाला ६० अर्धचित्रं (टीव्हीचं एक चित्र दोन हप्त्यांत उमटे, त्यातला एक हप्ता) आणि प्रत्येकात वापरात २४५ ओळी धरा, किंवा ५० अर्धचित्रं आणि २९४ ओळी धरा, गुणाकार ४४,१००च येतो. ६० आणि ५० अर्धचित्रांच्या दोन्ही टीव्ही पद्धतींच्या देशांत चालेल असा हा आकडा पुढे १९८२मध्ये बाजारात आलेल्या सीडीने उचलला आणि तो अजून आपल्या गाण्यांत आहे.

हे आकडे ‘डॅक’ नावाच्या चिपकडे जातात आणि तिथे त्यांचा विद्युतदाब होतो. डॅकचा ताल क्वार्ट्झच्या स्फटिकाने धरलेला असतो. ४८,००० नमुन्यांच्या हिशेबाने दर २०.८ मायक्रोसेकंदाला त्याला पुढचा आकडा हवा. तो थांबत नाही आणि वाटही पाहत नाही. उलट प्रोसेसर एका वेळी शंभर कामं अंगावर घेऊन बसलेला. या दोघांचं जमावं म्हणून मधे थोडासा साठा ठेवतात. त्याला बफर म्हणतात.

पोफळीच्या आगराचं शिंपणं डोळ्यांपुढे आणा. टाकीच्या तळाची तोटी कायम उघडी आहे, पाटात धार एकसारखी पडते आहे. टाकी १० मिनिटं पुरते. पंप लावणारा माणूस एकटा आहे, पण चपळ. एका मिनिटात टाकी भरतो, उरलेली ९ मिनिटं घरची दुसरी कामं करतो आणि टाकी आटायच्या आत परत येतो. दिवसभर हिशेब मांडला तर त्याचा ९० टक्के वेळ मोकळा आहे. एक दिवस मात्र दारात कोणी तरी येतं आणि ‘आधी माझं काम’ म्हणून त्याला १२ मिनिटं अडकवतं. २ मिनिटं पाट कोरडा पडतो. माणूस आळशी नव्हता, पंप लहान नव्हता. त्या एका घटकेला तो जागेवर नव्हता, एवढंच.

विंडोजमध्ये ही टाकी सहसा १० मिलिसेकंदांची असते, म्हणजे ४८० नमुन्यांची. सेकंदाला १०० वेळा ती वेळेवर भरली गेली पाहिजे. ९९ वेळा भरली आणि एकदा चुकली, तरी कानाला कळतं. म्हणून टास्क मॅनेजरमध्ये (प्रोसेसर किती कामात आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) ‘प्रोसेसर १० टक्के’ दिसत असतानाही आवाज फुटू शकतो आणि ‘एवढा भारी संगणक घेतला, तरी खरखर कशी?’ या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे. टक्केवारी सरासरी सांगते. उशीर सरासरीत दिसत नाही.

आता दारात येऊन अडकवणारा कोण? वाय-फाय, यूएसबी, ग्राफिक्स कार्ड, बॅटरी यांपैकी कोणालाही काम निघालं की ते प्रोसेसरला ‘इंटरप्ट’ देतात, म्हणजे हाक मारतात. त्या हाकेचं तातडीचं काम लगेच होतं आणि उरलेलं ‘डीपीसी’ नावाच्या रांगेत लागतं. या रांगेला बाकी सगळ्या प्रोग्रॅमपेक्षा वरचा मान आहे. प्रोसेसरच्या ज्या गाभ्यावर (कोअरवर) ती रांग चालू असते, तिथे ध्वनीचं कामसुद्धा ताटकळतं. ड्रायव्हर, म्हणजे एखादं उपकरण चालवणारा प्रोग्रॅम, लिहिणाऱ्यांना मायक्रोसॉफ्टची सूचना आहे की असं एक काम १०० मायक्रोसेकंदांच्या वर जाऊ देऊ नये. वाईट लिहिलेला ड्रायव्हर मात्र कधी कधी कित्येक मिलिसेकंद अडवून बसतो. वाय-फाय हा इथला नेहमीचा गुन्हेगार. सिग्नल दुबळा असला की लॅपटॉप ठरावीक वेळाने आजूबाजूची नेटवर्कं शोधत बसतो. जांभ्याच्या दीड फुटी भिंतीआडच्या माजघरात, त्यातून भिंत पावसाने ओली, असा दुबळा सिग्नल रोजचाच. खरखर दर मिनिट-दोन मिनिटांनी घड्याळ लावल्यासारखी येत असेल, तर पहिला संशय वाय-फायवर घ्या.

बफर रिकामा पडला तर नुसती शांतता यायला हवी, ‘टिक्’ का येतं? समजा लहर २०,००० या आकड्यावर होती आणि पुढचा आकडा आलाच नाही, म्हणून शून्य पडला. स्पीकरच्या पडद्याला २०.८ मायक्रोसेकंदांत तेवढी उडी मारायचा हुकूम मिळाला. उष्णता कशी वाहते याचा विचार करताना फूरिए या फ्रेंच गणितज्ञाने १८२२मध्ये मांडलं की कुठलाही आकार साध्या लहरींची बेरीज म्हणून लिहिता येतो. वळण सावकाश असेल तर थोड्या लहरींत भागतं. सरळ कडा असेल तर खर्जापासून अगदी बारीक सुरापर्यंत सगळ्या लहरी एकाच क्षणी लागतात. सगळे सूर एकाच क्षणी म्हणजेच ‘टिक्’. गाणं भूपाळी असो की ढोल, फुटलेला आवाज सारखाच कोरडा येतो, तो यामुळे. काही ड्रायव्हर शून्य न देता जुनेच १० मिलिसेकंद पुन्हा पुन्हा वाजवतात. तेव्हा सेकंदाला १०० आवर्तनांचा ‘र्र्र्र’ ऐकू येतो.

मग टाकी मोठी का करत नाहीत? नुसतं गाणं ऐकायचं असेल तर जरूर करावी. पण संगणकावर भजन ध्वनिमुद्रित करताना गायकाला स्वतःचा आवाज हेडफोनमधून ऐकायचा असतो. ४८,०००च्या हिशेबात १२८ नमुन्यांचा बफर २.७ मिलिसेकंद उशीर करतो, ५१२चा १०.७ आणि १,०२४चा २१.३. हवेत ध्वनी १० मिलिसेकंदांत साधारण ३.४ मीटर जातो, २१ मिलिसेकंदांत ७ मीटरच्या वर. म्हणजे पखवाजवाला ओसरीच्या पार त्या टोकाला बसल्यासारखा वाटेल. गाताना १२८ किंवा २५६ ठेवा. मुद्रण संपवून जुळवाजुळव करायला बसलात की १,०२४ करा.

आता तपासणी. तीन मिनिटांचं एकच गाणं दोनदा ऐका. खरखर दोन्ही वेळा त्याच शब्दावर आली आणि आवाज लहान करूनही राहिली तर दोष फाइलमध्येच आहे, पुढचं काही करू नका. जागा बदलली तर ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्रॅम घ्या. त्यात होस्ट म्हणून ‘विंडोज वासापी’ निवडा, मुद्रणासाठी ‘लूपबॅक’ लिहिलेला स्पीकर (स्पीकरकडे जाणारा आवाज संगणकाच्या आतच टिपण्याची सोय) निवडा आणि गाणं वाजत असताना मुद्रण करा. मुद्रणातही खरखर उमटली तर दोष नक्की सॉफ्टवेअरचा, वायरीला हात लावायची गरज नाही. मुद्रण स्वच्छ निघालं तर दोष ड्रायव्हरपासून पुढे स्पीकरपर्यंत कुठेही असू शकतो. अशा वेळी यूएसबीचं स्वस्तातलं साउंड कार्ड लावून ऐकावं. त्यावर आवाज स्वच्छ आला तर मूळ जॅक किंवा त्याचा ड्रायव्हर दोषी.

सॉफ्टवेअरची बाजू निघाली तर एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने बरं झालं ते कळत नाही. आधी वाय-फाय ५ मिनिटं बंद करून ऐका. टास्क मॅनेजरमध्ये ‘सिस्टिम इंटरप्ट्स’ ही ओळ पाहा. ती १ टक्क्याच्या आत असायला हवी. सतत ५ टक्क्यांच्या वर असेल तर कुठला तरी ड्रायव्हर किंवा यूएसबी उपकरण बिघडलेलं आहे. कोणता ड्रायव्हर, हे लेटन्सीमॉन हा प्रोग्रॅम १० मिनिटं चालवला की नावासकट सांगतो. साउंडच्या सेटिंगमधले ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ बंद करा. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘हाय परफॉर्मन्स’ दिसत असेल तर ते निवडा आणि यूएसबीचं ‘सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा. ध्वनीचा ड्रायव्हर बिनसला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून कंपनीच्या ड्रायव्हरऐवजी विंडोजचा साधा ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ लावून बघा. पुष्कळदा एवढ्यानेच भागतं. डिफॉल्ट फॉरमॅट ४८,००० ठेवलेला चालतो. ४४,१००चं गाणं ४८,०००मध्ये बसवायला १४७ नमुन्यांचे १६० करावे लागतात, पण हे गणित आजच्या प्रोसेसरला जड नाही. एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर ताजे करू म्हणणारे प्रोग्रॅम मात्र घरात घेऊ नका. ते चांगला चाललेला ड्रायव्हरही बदलून ठेवतात.

आवाज मोठा केल्यावरच फाटत असेल तर तो वेगळा प्रकार. ‘बास बूस्ट’ने ६ डेसिबल वाढवलं की आकडे दुप्पट होतात. २०,०००चे ४०,००० व्हायला हवेत, पण मर्यादा ३२,७६७. लहरीचं डोकं तिथे सपाट कापलं जातं. प्लेअरमधला आवाज १०० टक्क्यांच्या खाली आणा आणि वाढवायचं ते स्पीकरच्या बटणाने वाढवा.

इथवर सगळं रत्नागिरीत जसं, तसंच नागपुरात. किनाऱ्याची खास अडचण मिठाची. लाटा फुटतात तेव्हा बुडबुड्यांतून उडालेले बारीक थेंब वाऱ्याबरोबर आत येतात, पाणी उडून जातं आणि मिठाचा कण जॅकमध्ये बसतो. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की सोडियम क्लोराइड हवेतलंच पाणी ओढून घेतं आणि विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं, ते तर याहून कितीतरी कोरड्या हवेतही ओलं होतं. आषाढात खडेमिठाच्या बरणीत पाणी सुटतं ना, तेच जॅकच्या पत्र्यांवर सूक्ष्म प्रमाणात घडत असतं. ओल्या मिठात धातू गंजतो. दोन धातू एकमेकांना टेकलेले दिसले तरी खरा स्पर्श काही सूक्ष्म टोकांवरच होतो आणि गंजाचा थर नेमका तिथे येतो. २३० व्होल्टच्या स्विचमधला दाब असला थर जाळून पार होतो. हेडफोनच्या एखाद्या व्होल्टला ते जमत नाही, म्हणून वायर हलली की खर्र.

जॅकच्या पिनेवर तीन भाग असतात. टोक डाव्या कानाचं, मधली कडी उजव्या कानाची, मागचा दांडा दोघांचा सामाईक. दांड्याचा स्पर्श सुटला की दोन्ही कान एकामागोमाग एक जोडले जातात आणि त्यांना फक्त डाव्या-उजव्यातला फरक मिळतो. गायकाचा आवाज दोन्हींत सारखा असल्याने तो जवळजवळ नाहीसा होतो. वाद्यं राहतात आणि विहिरीच्या तळातून आल्यासारखी घुमतात. हे ऐकू आलं तर तपासणी करत बसू नका, सरळ जॅक साफ करा.

संगणक बंद करा, प्लग काढा, पॉवरचं बटण १० सेकंद दाबून ठेवा. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे मिळणारं ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपाइल अल्कोहोल पिनेला लावून पिन १०-१५ वेळा आत-बाहेर, थोडी फिरवत, घाला. दर दोन-तीन वेळांनी पिन पुसा. कापड काळपट निघेल. मग १५ मिनिटं वाळू द्या. पॉलिश पेपर लावू नका, वरचा मुलामा निघून खालचा धातू उघडा पडतो. खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेलही नको, ते धूळ धरून ठेवतं. स्पीकरचं बटण फिरवताना खर्र येत असेल तर स्पीकरचा प्लग काढून त्या बटणात कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारा आणि ते २०-३० वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. सोन्याचा मुलामा असलेली पिन किनाऱ्यावर जास्त टिकते, कारण सोनं गंजत नाही. पण महागड्या वायरीने गाण्याला ‘खोली’ येते, हे विक्रेत्याचं बोलणं आहे, विज्ञानाचं नाही.

फट्-फट् नसून ‘घूंऽऽ’ अशी एकसुरी घरघर असेल तर ती विजेच्या ५० किंवा १०० आवर्तनांची. संगणक आणि स्पीकर वेगवेगळ्या सॉकेटवर असतील तर एकाच बोर्डावर आणा. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर घरघर थांबली तर अर्थिंग बघायला हवं. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग तुटलेलंच आहे. अशा वेळी पॉवर सप्लायमधले कपॅसिटर पेटीवर साधारण ११५ व्होल्ट आणून ठेवतात. प्रवाह अगदी थोडा असतो, पण खूण वाईट. कातळावरच्या घरांत जांभा वीज नीट वाहू देत नाही. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की अर्थिंग आणखी दुबळं होतं. घरघर जावी म्हणून तिसरी पिन काढून टाकणारे लोक आहेत. घरघर जाते, पण पॉवर सप्लाय बिघडला तर अख्खी पेटी २३० व्होल्टवर येते. असं कधीही करू नका, वायरमन बोलवा.

‘टिट्-टिडि-टिट्’ हा आवाज जवळ ठेवलेल्या मोबाइलचा. दरीतल्या वाडीत टॉवर लांब असला की फोन टू-जीवर उतरतो, पूर्ण जोराने आणि सेकंदाला २१७ वेळा प्रक्षेपण करतो. स्पीकरची वायर त्याचा अँटेना बनते. फोन मीटरभर लांब ठेवा. आणि मध्यरात्री स्पीकरमधून पुसट बोलणं ऐकू आलं, तर ती भुताटकी नाही. लांब वायर आणि गंजलेला जोड मिळून साधा रेडिओ तयार होतो, जवळचं एखादं प्रक्षेपण त्यातून येतं. त्यासाठी नारळ-कोंबडा देण्यापेक्षा वायर आखूड करा आणि जोड घासूनपुसून घ्या.

पावसाळ्यात संगणक झाकून आठवडेच्या आठवडे बंद ठेवणं सगळ्यात वाईट. झाकणाखाली ओल साठते. रोज तासभर चालू ठेवा. २७ अंशांची ९० टक्के दमट हवा पेटीत ३७ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास उतरते. ७५च्या बरीच खाली. तेवढा वेळ मिठाचं बरंचसं पाणी सुटतं आणि गंज चढायचा वेग कमी होतो.