आदिवासी परिसर सहल (विदर्भ)

आदिवासी परिसर सहल म्हणजे शाळेतल्या पोरांना आदिवासी समाजाचं जगणं, भाषा, देव, जंगल आणि मुख्य म्हणजे त्यांचा इतिहास जागेवर नेऊन दाखवायसाठी काढलेली सहल. कागदोपत्री ती शैक्षणिक सहल असते, दहावीच्या भूगोलात पहिलाच धडा क्षेत्रभेटीचा आहे म्हणून काही सर लोक क्षेत्रभेटही म्हणतात, गावात मात्र नुसती सहल. विदर्भात अशा सहली गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळचा केळापूर-झरी-मारेगाव भाग, अमरावतीचा मेळघाट आणि गोंदियाचा सालेकसा-देवरी पट्टा इकडे जातात.

विदर्भातल्या सहलीचं एक वेगळेपण आधीच सांगायला पाहिजे. शहरातली पोरं कुठंतरी लांब जाऊन "आदिवासी लोक" पाहतात तसं इथं नसतं, इथं मडावी, आत्राम, उईके, कोवे ही आडनावं वर्गाच्या हजेरीपटावरच असतात. 2011 च्या जनगणनेत गडचिरोली जिल्ह्यात सुमारे 38 टक्के लोक अनुसूचित जमातीचे होते. म्हणून सर बसमध्ये उभे राहून "हे लोक असे राहतात, असे नाचतात" म्हणायला लागले की मागच्या सीटवर बसलेल्या पोट्ट्याला ते आपल्या आजी-आजोबांबद्दल चाललंय हे कळत असतं, आणि त्याला तिथं काय वाटतं यावर सगळी सहल बरी की वाईट ते ठरतं असं माझं स्पष्ट मत आहे.

आदिवासी म्हणून सगळ्यांना एकाच गाठोड्यात बांधायची सवय शाळेत फार आहे. गोंड आणि माडिया यांची गोंडी-माडिया बोली आणि कोलामांची कोलामी ह्या द्राविडी कुळातल्या भाषा, तर मेळघाटातली कोरकू एकदम वेगळ्या, मुंडा कुळातली, म्हणजे तिचं नातं झारखंडकडच्या संथाली-मुंडारीशी. महाराष्ट्रात तीन जमाती विशेष असुरक्षित म्हणून नोंदल्या आहेत, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड, त्यातल्या कोलाम आणि माडिया आपल्या विदर्भातल्या. कोलामांची वस्ती म्हणजे पोड, गावापासून जरा बाजूला, यवतमाळकडे कितीतरी पोडं आहेत आणि शेजारच्या गावातल्या पोरांनी ती आतून कधी पाहिलेली नसतात. हे एवढं तरी बस सुटायच्या आधी वर्गात सांगून टाकावं.

सगळ्यात सोपी आणि तरीही सगळ्यात कमी नीट होणारी सहल चंद्रपूरची. ताडोबाला जाणाऱ्या कितीतरी सहली शहरातून पुढं निघून जातात, खाली कोणी उतरत नाही, आणि तिथंच गोंडराजांची राजधानी होती. खांडक्या बल्लाळशहानं शहर वसवलं आणि परकोट बांधायला घेतला असं मानतात, पुढच्या राजांनी तो पुरा केला. परकोट सुमारे 11 किलोमीटरचा, त्याला जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे आणि शिवाय पाच खिडक्या म्हणजे लहान दरवाजे, त्यातल्या चोर खिडकी आणि मसाण खिडकी ही नावं ऐकली की पोरं आपोआप प्रश्न विचारायला लागतात, वेगळं काही करावं लागत नाही. दरवाज्यावर हत्तीला दाबून धरलेल्या सिंहाचं शिल्प आहे, ते गोंडराजांचं राजचिन्ह. अंचलेश्वर मंदिराजवळ राजा बिरशहाची समाधी आहे आणि ती बांधली राणी हिराईनं, जिनं नवऱ्यामागं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला दत्तक मुलगा रामशहा लहान असताना राज्य चालवलं. मुलींच्या वर्गाला हिराईची गोष्ट तिच्या बांधकामासमोर उभं राहून सांगावी, पुस्तकात वाचून तेवढी पोचत नाही. 1751 मध्ये चांदा, म्हणजे चंद्रपूरच, नागपूरकर भोसल्यांच्या हातात गेलं. नागपूरच्या शाळांनी हेही सांगायला हवं की नागपूर शहर वसवणारा बख्त बुलंद शहा हा देवगडचा (कोकणातलं नाही, आताच्या मध्य प्रदेशातलं) गोंड राजाच होता.

राज्याचा पुरावा नुसत्या किल्ल्यात नाही, तो धानाच्या बांधीतही आहे. चांद्याच्या गोंडराजांनी तलाव बांधेल त्याला त्या तलावाच्या पाण्याखालची जमीन द्यायची अशी पद्धत ठेवली होती, त्यातून झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या भागात, तलाव वाढत गेले. बांधणाऱ्यांत कोहळी शेतकरी पुष्कळ होते, पुढं हेच तलाव मालगुजारी म्हणजे आताचे मामा (माजी मालगुजारी) तलाव म्हणून ओळखले गेले. ज्या पोराच्या घरचं धान अजून मामा तलावाच्या पाण्यावर पिकतं त्याला गोंडराज्य म्हणजे काय हे पाळीवर उभं राहून कळतं, आणि त्यासाठी बसची पण गरज नाही, शाळेतून पायी जाता येतं.

चंद्रपुरातच बाबुराव शेडमाके यांची जागा आहे. जन्म 12 मार्च 1833, आताच्या अहेरी भागातल्या किष्टापूरचा. 1858 मध्ये त्यांनी गोंड, माडिया आणि रोहिल्या तरुणांची फौज उभी करून राजगड परगण्यात इंग्रजांना आव्हान दिलं, एप्रिलमध्ये प्राणहितेच्या काठावर टेलिग्राफच्या कॅम्पवर हल्ला झाला त्यात दोन इंग्रज मारले गेले. शेवटी ते पकडले गेले आणि 21 ऑक्टोबर 1858 ला चंद्रपूरच्या तुरुंगात पिंपळाच्या झाडाला त्यांना फाशी दिली, वय फक्त 25. ती जागा तुरुंगाच्या आवारात असल्यामुळं कधीही गेलं आणि आत शिरलं असं होत नाही, आधी परवानगी लागते, 21 ऑक्टोबरला मात्र तिथं लोक मोठ्या संख्येनं अभिवादनाला येतात. झाशी आणि कानपूर पाठ असलेल्या पोराला 1857-58 ची लढाई आपल्या वैनगंगा-प्राणहितेच्या खोऱ्यातही झाली हे इथं समजतं.

इतिहास म्हणजे फक्त राजे असंही होऊ नये. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड गाव त्यासाठी फार मोलाचं आहे. "मावा नाटे मावा राज", आमच्या गावात आम्हीच सरकार, ही घोषणा इथली. गावात निर्णय मतदानानं नाही तर सर्वांच्या सहमतीनं होतात, आणि निर्णयाआधी विषय समजून घ्यायला अभ्यास गट बसतो. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशात अगदी पहिल्यांदा मिळालेल्यांपैकी, आणि 2011 मध्ये ग्रामसभेनं स्वतःच्या वाहतूक पासावर बांबू विकला. नागरिकशास्त्रात ग्रामसभा हा दोन मार्काचा प्रश्न असतो, इथं पोरं खाली सतरंजीवर बसून ती ऐकू शकतात. अर्थात गावाला आधी विचारून, त्यांच्या सोयीच्या दिवशी.

भामरागडकडच्या सहली बहुतेक हेमलकशाला जातात. लोकबिरादरी प्रकल्प बाबा आमटेंनी 1973 मध्ये सुरू केला, डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटेंनी तिथं दवाखाना आणि शाळा उभी केली, ते बघण्यासारखंच आहे. पण पोरांच्या लक्षात राहतात ते तिथले प्राणी, आणि वाटेतली माडिया गावं बसच्या काचेतून निघून जातात. मेलेल्या माणसाच्या आठवणीत दगड उभा करायची माडियांची पद्धत अजून चालू आहे, नागपूरजवळ जुनापाणीला हजारो वर्षांपूर्वीची शिळावर्तुळं आहेत, दोन्ही एकाच शाळेला दाखवली तर पोरं इतिहासाला फक्त जुनी मेलेली गोष्ट समजणार नाहीत. गोटुलचंही तसंच, त्याबद्दल बाहेर भलत्यासलत्या गोष्टी पसरल्या आहेत. ती गावाची बसायची, शिकायची, पाहुणा उतरवायची, निर्णय करायची जागा आहे, आणि ते गावच्या माणसानंच सांगावं, गाईडनं नाही.

मेळघाटात सेमाडोह, कोलकास, गाविलगड असं फिरतात आणि वाघ दिसला का यावर सहल संपते. व्याघ्र प्रकल्पासाठी काही कोरकू गावं उठवून खाली अकोटकडं वसवली हे फार थोड्या शाळा सांगतात, खरं तर तोही इतिहासच.

वेळेची अडचण मोठी आहे. सहली निघतात डिसेंबर-जानेवारीत, आणि मोहाची फुलं पडतात मार्च-एप्रिलमध्ये, पहाटे उठून वेचावी लागतात, तेव्हा परीक्षा. तेंदूपत्ता मे मध्ये, तेव्हा सुट्ट्या. म्हणजे जंगलावर जगणं ज्या महिन्यांत सगळ्यात जास्त दिसतं त्याच महिन्यांत शाळेची सहल नसते. हिवाळ्यात जुळतं ते माघ पौर्णिमेचं कचारगड, सालेकसा तालुक्यातल्या दरेकशाजवळची मोठी नैसर्गिक गुहा, गोंड लोक ज्यांना पूजतात त्या पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांच्याशी जोडलेलं गोंडी धर्माचं ठाणं, जिथं मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातूनही लोक येतात. लहान पोरं घेऊन यात्रेच्या ऐन गर्दीत जाऊ नये, आठ दिवस आधी किंवा नंतर जावं.

बाहेरदेशी याची रीत बरीच बसलेली आहे. न्यूझीलंडमध्ये शाळकरी मुलं माओरी मराएवर, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या एकत्र जमायच्या जागी, जातात तेव्हा आधी रीतसर स्वागत होतं आणि तिथले नियम यजमानांचे चालतात. कॅनडात आदिवासी मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळांचा इतिहास सगळ्या मुलांना शिकवावा अशी शिफारस तिथल्या सत्य व समेट आयोगानं 2015 मध्ये केली. आपल्याकडं असा ठरलेला नियम नाही, शिक्षकाच्या समजुतीवर चालतं. नवीन शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दहा दप्तरमुक्त दिवस सुचवलेत, ते यासाठी वापरता येतील.

काही चुका मात्र नेहमीच्या. गावात उतरल्या उतरल्या मोबाईल काढून बायांचे, गोंदणाचे फोटो, न विचारता देवाच्या ठाण्यात शिरणं, पाच मिनिटांत "नाच दाखवा" म्हणणं. रेला या गोंडी नाचालाही वेळ-प्रसंग असतो. आणि परत आल्यावर शाळेच्या भिंतीवर वारली चित्र! वारली कला सुंदरच, पण ती पालघरकडची, मेळघाटच्या किंवा एटापल्लीच्या शाळेनं आपल्या गावातल्या बायांना विचारावं भिंतीवर काय काढायचं.

खर्च हा शेवटचा आणि खरा प्रश्न. शिक्षण विभागाची परवानगी, पालकांचं संमतीपत्र, एसटी शैक्षणिक सहलीला भाड्यात सवलत देते, तरी वीस-पंचवीस पटाच्या शाळेला ते परवडत नाही. अशा काही ठिकाणी उलटं करतात, गावचा भुमका म्हणजे पुजारी, ढोल वाजवणारे, जडीबुटी ओळखणारी एखादी आजी यांना शाळेत बोलावतात, दिवसभर ते शिकवतात. तेव्हा त्यांना येण्याजाण्याचे पैसे आणि दिवसाची मजुरी द्यावी, कारण तेवढा दिवस त्यांचं काम बुडतं, नुसता शाल-श्रीफळ देऊन भागत नाही.